कापसाच्या खोलीतली सनई

८ नोव्हेंबर २०२२, मंगळवार

जिन, म्हणजे कापसातून सरकी आन् रुई वेगळी कराचा कारखाना, काल सुरू झालं. सुरू म्हणजे काय, बारा मशीनीतल्या पाच. बाकी सातीवर गोणपाट टाकून ठेवले आहेत. कापूसच येत नाही तर मशीनीले काय चारू? मागच्या साली भाव चढला होता, म्हून यंदा सगळ्या कास्तकारायनं कापूस घरात दाबून ठेवला आहे. माह्या घरीही तेच होणार. जनका, म्हणजे माही घरवाली, आत्ताच समोरची खोली झाडून राह्यली.

सायंकाळी भगवानराव मालकानं मले आन् ज्ञानेश्वरले हापिसात बलावलं. ज्ञानेश्वर माह्या हाताखालचा फिटर. मालक म्हणे, "हंगाम झाला की दोन फिटर परवडत नाहीत. एकच ठेवतो." मंग माह्याकडे पाहून म्हणे, "शेषराव, तुमचा कान आहे तोवर आपल्याले काळजी नाही." ज्ञानेश्वर खाली पाहून राह्यला. दोन लहान पोरी आहेत त्याले. मले वाईट वाटलं. पण वहीत खोटं कायले लिहू, बरंही वाटलं.

पेचकसाचं टोक बेरिंगवर आन् मूठ कानामांगच्या हाडावर, तीस वर्षाचं माहं शिक्षण एवढंच. बेरिंग जायच्या आंधी बारीक शिट्टी मारते. ती आइकून मशीन बंद केली त ठीक. नाही त ते तापते, ठिणगी पडते, आन् रुईले पेटायले काडी लागत नाही. समोर कापूस टाकणाऱ्या बाया उभ्या असतात. म्हून मालक कान-कान करते.

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून फुकट भेटली. पानोपानी बोंडअळीच्या औषधाची जाहिरात आहे. औषधानं अळी मेली नाही, डायरी मात्र चांगली आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार

रोज सायंकाळी ज्याच्यावर सनई आइकतो तो टेप शेवटी मेला. नांदुऱ्याले रज्जाकभाईकडे घेऊन गेलो. रज्जाकभाई माहा जुना दोस्त, रेडिओ-अँप्लिफायरची दुरुस्ती करते. माहा अँप्लिफायर त्याच्याच हातचा, स्पीकरचे सागवानी खोकेही त्यानंच ठोकून देल्ले. त्यानं टेप उघडला आन् म्हणे, "मिस्त्री, इसको अब कफन डालो."

मंग दोन तास गेले नवीन काय घ्यायचं याच्यात. छकुली, माही पोरगी, पुण्याले नोकरीवर आहे. ते फोनवर म्हणे, "बाबा, छोटासा ब्लूटूथ स्पीकर घ्या ना." छोटासा! लोटाएवढ्या भोंग्यातून सनई आइकू का मी? आन् त्याच्यात गाणं मोबाइलमधूनच जाते. मंधात कोणाचा फोन आला की सनई गप, आन् वरून "हॅलो, लाइन आली का?"

रज्जाकभाई म्हणते ते पटलं. त्याले नेटवर्क स्ट्रीमर म्हणतात. एक डबी. मोबाइलनं फक्त सांगाचं, हे वाजव. डबी सोताच नेटवरून गाणं ओढते आन् अँप्लिफायरले देते. मोबाइल खिशात घालून वावरात गेलं तरी घरी सनई चालू.

तीन प्रकार दाखवले. एकीले पडदा, गाणाऱ्याचा फोटो दिसते. फोटो पाहून काय करू, सोयरीक जमवाची आहे का? दुसरीत अँप्लिफायर आतच बसवलेला. रज्जाकभाईनं नाक मुरडलं, "मंग माह्यावाल्याचं काय, लोणचं घालसान?" तिसरी साधी, पण आकड्याचा आवाज करणारी तिच्यातली चिप चांगली, आन् मांगं नेटची तार लावाले जागा. वायफायच्या भरवशावर राह्याचं काम नाही. तीच मागवली. किंमत लिहीत नाही, जनका वही वाचते.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

डबी आन् कापूस एकाच दिवशी घरात आले.

सकाळपासून जनका आन् दोन बाया कापूस समोरच्या खोलीत टाकून राह्यल्या. ढीग खिडकीच्या वर गेला. अळीनं डागलेला कवडी कापूस वेगळा कोपऱ्यात. तीन एकराचा आहे, पण कोणत्या साली एवढा दीड एकरात होत होता. जनका ढिगाकडे पाहून म्हणे, "होळीपर्यंत हात लावाचा नाही कोणी." वेचणी तिनंच केली, कंबर तिचीच गेली, मी काय बोलतो.

मंग ढिगाखालून नेटची तार काढली, राउटरपासून टेबलापर्यंत. लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरले. मोबाइलमधल्या अ‍ॅपनं नाव इचारलं, पासवर्ड इचारला, मंग म्हणे खोलीचं नाव सांगा. म्या 'कापूस' लिहलं.

पहिल्यांदा सनई लावली. वाजली बाप्पा! पण मजा नाही आली. सनई आहे, पण वाजवणारा श्वास घेत नाही. तोंडावर दुपट्टा बांधून वाजवल्यावाणी. पूर्वी पिपाणीतली हवा आइकू यायची, जिभेची टिचकी आइकू यायची. एवढी वाट पाहून हे?

जनका म्हणे, "चांगलं तं वाजून राह्यलं."

"तुले काय कळते त्याच्यातलं," म्या म्हतलं. ते काई तरी बोलली आन् घरात गेली. काय बोलली ते समजलं नाही. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

२७ नोव्हेंबर, रविवार

बिघाड शोधाची एक रीत असते. एकेक गोष्ट बाद करत जायची. आज तार बदलून पाह्यली. तार काढून वायफायवर लावलं. अ‍ॅपमध्ये आवाजाची प्रत सर्व्यात वरची केली. पिना घासल्या. स्पीकरमधला वरचा बारीक भोंगा खोलून डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे केला. दोन्हीकडून आवाज सारखाच भोथरा.

मंग बाद व्हायले राह्यलं काय? डबीच.

जनका पोळ्या करता करता म्हणे, "नाचता येईना अंगण वाकडं." हे बरं आइकू आलं.

४ डिसेंबर, रविवार

रज्जाकभाईले बलावलं. डबी वापस पाठवाची म्हतलं. तो बसला, डोळे मिटून सनई आइकली. मंग डोळे उघडून माह्याकडेच पाहून राह्यला. म्या म्हतलं, "पाह्यलं? मेलेली आहे ना?"

तो उठून ढिगाकडं गेला. जनकानं माह्या खांद्याले हात लावला, "अहो, भाई काई तरी इचारून राह्यले." तो माह्या पाठीमांगून बोलला होता म्हणे. समोरून बोलावं ना माणसानं.

"काई नाही, मिस्त्री," रज्जाकभाई म्हणे, "सेटिंग गडबड हाय थोडी." माहा मोबाइल घेतला, अ‍ॅपमध्ये खाली-वर केलं. "अब सुनो."

आली! सनईत हवा आली. एकदम तीस वर्षाआंधीची नाही, पण आली. म्या म्हतलं, "काय केलं बे?" तो म्हणे, "मेरा ट्रेड सीक्रेट." हसला, पण मनापासून नाही हसला. चहाही अर्धाच प्याला. त्याच्या घरी काई भानगड असंल.

जनका म्हणते आता आवाज सुई टोचल्यावाणी लागते. तिले काईच पसंत पडत नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

आज जिनात झुंबरबाईनं डोकं फिरवलं. चार नंबरवर कापूस टाकते ते, लय वर्षाची जुनी बाई आहे. म्हणे, "मिस्त्री, चार नंबर शिट्टी मारून राह्यलं."

मी पेचकस लावला. दोन्ही बाजूनं लावला. घरघर बरोबर, ताल बरोबर, शिट्टी-बिट्टी काई नाही. म्या म्हतलं, "तुह्या कानात शिट्टी असंल, झुंबरबाई. काम करा." बाकीच्या बाया हसल्या नाहीत. एरवी एवढ्याशा गोष्टीवर खिदळतात.

ज्ञानेश्वर तठीच उभा होता. त्याले म्हतलं, "लाव तू बी, तुही बी हौस फिटू दे." त्यानं पेचकस लावला, काढला. "आहे का शिट्टी?" म्या इचारलं. तो म्हणे, "तुमी म्हणता तसं, मिस्त्री."

मंग? शिट्टी नाही एवढं बोलून मोकळं व्हायचं होतं ना.

२१ डिसेंबर, बुधवार

चार नंबरचं बेरिंग नवीन आहे! ग्रीसचा रंग पाह्यला आन् समजलं. दुपारच्या जेवणाच्या सुटीत ज्ञानेश्वरनं बदललं. मले न इचारता. जुनं कोठी आहे म्हतलं त म्हणे भंगारात टाकलं.

माह्या मशीनीले माह्या मांगून हात लावला. तीस वर्षात कोणाची हिंमत झाली नाही. मालकाले दाखवाचं असंल की मिस्त्रीले समजत नाही, मीच पाहतो. एकच फिटर ठेवणार आहेत ना. सगळं समजते मले, मी काई दूधखुळा नाही.

तसाच हापिसात गेलो आन् मालकाले सांगतलं. संतापात दोन गोष्टी जास्तीच्याही सांगतल्या.

२ जानेवारी २०२३, सोमवार

ज्ञानेश्वरले काढलं. हंगाम संपाची वाटही पाह्यली नाही. मालक म्हणे, कापूस येतच नाही, तसंही भारीच पडत होता.

डबा घेऊन फाटकाबाहेर जाताना तो माह्याकडे आला. मले वाटलं भांडते. तो म्हणे, "मिस्त्री, मशीनीले हात लावून ताप पाहत जा." मले शिकवते! मी पाठ फिरवून मशीनीकडे गेलो.

घरी येऊन सनई लावली. पुन्हा भोथरी. जीव आंबून गेला आहे. दिवसभर पाच मशीनी, सायंकाळी हा एक आवाज, आन् त्याच्यातही सुख नाही. बसल्या बसल्या ढिगाकडे नजर गेली आन् डोक्यात उजेड पडला. कापूस! माह्यासारख्या जिनातल्या माणसाले हे कसं सुचलं नाही? रुईच्या गोदामात हाक मारली त चार पावलावर पोचत नाही. कापूस आवाज पेते. डबी निर्दोष, तार निर्दोष. खोलीच आवाज खाऊन राह्यली.

९ जानेवारी, सोमवार

आठ दिवस झाले या भांडणाले. मी म्हणतो कापूस इका. ते म्हणते होळी. मी म्हणतो भाव उतरून राह्यला, रोज पाहतो मी जिनात. ते म्हणते, "भावासाठी म्हणत असान त मानली असती. तुमाले त्या पिपाणीसाठी खोली पायजे."

म्या म्हतलं कापसात किडे झाले, रात्रंदिवस अंगाले खाज सुटते. हे खरं आहे, साऱ्या गावात खाजवणं चालू आहे. ते म्हणे, "खाज मले सुटते, तुमाले नाही. मी झोपतो त्या खोलीच्या दारात."

शेवटी आज गाडी बलावली. ते वावरात गेली होती. परत आली तवा खोली रिकामी होती. भांडली नाही. झाडू घेतला, फरशीवरचे उरलेले कापसाचे पुंजके एकेक उचलून पदरात घातले आन् चुलीजवळ जाऊन बसली. ते भांडली असती त बरं झालं असतं.

१२ जानेवारी, गुरुवार

रिकाम्या खोलीत तीन दिवस आइकतो आहे. ढोलक दणदणीत झाली. माणसाचा आवाज मोठा झाला. सनई तशीच. श्वास नाही ते नाहीच.

जनका कानात कापसाचे बोळे घालून फिरून राह्यली. म्या इचारलं त म्हणे थंडीचं वारं लागते. घरात कोठचं वारं? जेवणही मुकाट्यानं वाढते.

डबी बाद, तार बाद, भोंगे बाद, खोलीही बाद. आता काय बाद करू ते सुचत नाही. थकलो. छकुली संक्रांतीले येते आहे, तिलेच दाखवतो. तिले कॉम्प्युटरचं समजते.

१५ जानेवारी, रविवार. संक्रांत

छकुली सकाळीच आली. तिळगूळ झाला, जेवण झालं. दुपारी म्या सनई लावली. ते "आई गं!" करून उठली आन् मोबाइल हिसकला.

"बाबा, ट्रेबल फुल्ल कोणी केलं? कान फाटतात ना!"

ट्रेबल म्हणजे आवाजातला बारीक, वरचा भाग. तो शेवटच्या टोकापर्यंत चढवून ठेवला होता. रज्जाकभाईनं केलेली सेटिंग म्हणजे हीच. छकुलीनं सगळं बरोबर मंधात आणून ठेवलं आन् सनई पुन्हा लावली. "आता कशी गोड झाली," ते म्हणे. जनकानं कानातले बोळे काढले. मले पहिल्या दिवसाची भोथरी सनई आइकू आली.

म्या म्हतलं, "हाच तो बिघाड. पाह्य."

छकुलीले वाटलं भोंगा जळाला असंल. अ‍ॅपमध्ये स्पीकर तपासाचा आवाज असते म्हणे. खालून वर चढत जाणारा एकच स्वर, दोन मिनिटाचा. तिनं लावला. आंधी मशीनीवाणी घूं. मंग बैलगाडीच्या कण्यावाणी. मंग सनईएवढा, मंग बारीक, आणखी बारीक. मंग संपला.

"झालं?" म्या म्हतलं.

छकुली माह्याकडे पाहून राह्यली. म्या मोबाइलकडे पाह्यलं. आकडे पळत होते, दोन मिनिट व्हायले अजून बराच वेळ होता. खोलीत काईच आवाज नव्हता. जनकानं दोन्ही कानावर हात दाबले होते आन् तोंड आक्रसलं होतं.

"बंद कर," जनका म्हणे. ते मले तिच्या ओठावरून समजलं.

छकुलीनं हळूच इचारलं, "बाबा, तुम्हाला कुठपर्यंत ऐकू आलं?"

म्या म्हतलं भोंगाच खराब आहे. आन् उठून वावरात गेलो. वावरात आता काय आहे, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या. तठी बसलो. भीती वाटली. आजवर अशी भीती वाटली नव्हती.

१६ जानेवारी, सोमवार

जिनात गेलो नाही. अंग दुखते म्हून सांगतलं. सारा दिवस एकच विचार. चार नंबर.

१७ जानेवारी, मंगळवार

छकुलीले बसमध्ये बसवलं आन् तसाच रज्जाकभाईच्या दुकानात गेलो. दाराच्या आत पाय नाही टाकला, बाहेरूनच म्हतलं, "तुले माहीत होतं."

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. स्टूल पुढं केलं. मी उभाच.

"पयलेच दिवशी समजलं," तो म्हणे. समोर उभा राहून, मोठ्यानं बोलला. "मैं पीछे से बोला, तुले आइकू नाही आलं. सनई एकदम साफ होती, मिस्त्री. तुही डबी एक नंबर हाय."

"मंग सांगतलं काऊन नाही बे?"

"कैसे सांगू? साऱ्या तालुक्यात तुह्या कानाचं नाव. तुह्या कानाची रोटी हाय. मले वाटलं ट्रेबल चढवून देतो, घर के घर में तो खुश राहील." त्याचे डोळे भरून आले. "जिन का मेरे दिमाग मेंच नाही आया. अल्लाह कसम, नाही आया."

मले त्याच्यावर ओरडाचं होतं. ओरडलो नाही. माह्याही दिमागात कोठी आलं होतं? जन्मभर आवाजात बिघाड दिसला की मशीन खोलली. माहा कान खोलून पाहावा असं कधी वाटलंच नाही, कारण त्याच्याचनं तं सगळं मोजत होतो.

घरी आलो त जनका समोरच्या खोलीत एकटीच सनई आइकत बसली होती. मी दिसलो त बंद कराले उठली. म्या म्हतलं राहू दे. बाजूले बसलो. "तुले कवापासून माहीत होतं?" म्या इचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मंग बोळे घालून कायले फिरत होती, सांगाचं होतं."

"सांगतलं तं होतं," ते म्हणे. "तुमाले आइकू नाही आलं."

मंग आमी दोघंही हसलो. हसता हसता मले रडू आलं. तिच्या कापसाची माफी मांगतली. ते म्हणे, "आता गेला तो गेला." पण माफ केलं असं नाही म्हतलं. बरोबरच आहे तिचं.

१८ जानेवारी, बुधवार

सकाळी पहिले मालकाकडे गेलो. सगळं सांगतलं. चार नंबरचं बेरिंग खरंच गेलं होतं, ज्ञानेश्वरनं बरोबर केलं, म्या चुगली केली. चोर सोडून संन्याशाले फाशी देल्ली म्या.

मालकानं आइकून घेतलं आन् उठून दार लावलं. म्हणे, "हे बाहेर बोलू नका. महिनाभराचा तं खेळ राह्यला. एखाद्या डॉक्टरले दाखवून कानाची मशीन लावून घ्या. आन् तपासणीच्या रजिस्टरवर रोजची सही चालू ठेवा. मशीनी काय रोज जातात का, शेषराव?"

पाच मिनिटाआंधी माही नोकरी गेली असंच धरलं होतं म्या. आता ते माही नोकरी माह्या हातात परत देत होते. घ्यावी वाटली. खोटं नाही लिहीत, लय घ्यावी वाटली. या गावात दुसरं काय काम देते कोणी सत्तावन वर्षाच्या माणसाले?

रजिस्टर काखेत घेऊन खाली आलो. मशीनी सुरू व्हायच्या होत्या. बाया पदर बांधून उभ्या होत्या. झुंबरबाई चार नंबरवर. मी रजिस्टर उघडलं, पेन काढला, आन् हातच चालेना.

शेवटी म्या सगळ्यायले जवळ बलावलं. म्हतलं, "बायांनो, मले बेरिंगची शिट्टी आइकू येत नाही. कोणाले आइकू आली त मशीन बंद करा. मले इचारू नका."

मले वाटलं गलका होईल. कोणीच चमकलं नाही. एकमेकीकडे पाहून राह्यल्या.

झुंबरबाई म्हणे, "आमाले माहीत हाय, मिस्त्री. मागच्या हंगामापासून. आमी ज्ञानेश्वरले सांगत होतो. तो जेवणाच्या सुटीत गुपचूप करून टाके, म्हणे मिस्त्रीचं नाव जाऊ द्याचं नाही." मंग तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याले तं तुमी काढलं. पंधरा दिवस झाले, आमी कोणाले सांगाव?"

रजिस्टर तसंच बंद करून ठेवलं. सही केली नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

सकाळीच स्कूटर काढून पिंपळगाव राजा या गावाले गेलो. ज्ञानेश्वर भावाच्या वावरात पऱ्हाट्या उपटून राह्यला होता. त्या अळीनं खाल्लेल्या, चार बोंडं काळी पडून तशीच लटकलेली. मले पाहून उभा राह्यला, हात चड्डीले पुसले.

म्या बांधावरूनच सांगाले सुरुवात केली. कान, चार नंबर, चुगली, सगळं. तो म्हणे, "राहू द्या, मिस्त्री."

"काऊन राहू द्या? तुले आइकू आली होती ना शिट्टी?"

"हाव."

"मंग बोलला काऊन नाही? माह्या तोंडावर बोलाचं होतं, बे. शिव्या देल्ल्या असत्या म्या, पण बोलाचं होतं."

"तुमच्याजवळच तं शिकलो आइकाले," तो म्हणे. "तुमालेच कसं म्हणू?"

मी बांधावरून खाली उतरलो. त्याच्या बरोबरीनं थोड्या पऱ्हाट्या उपटल्या. मंग म्हतलं, "चाल. आत्ताच्या आत्ता. पेचकस माह्या डिक्कीत आहे." तो भावाले सांगून आला आन् मांगं बसला.

जिनात पोचलो तवा पाचही मशीनी चालू होत्या. मालक हापिसाच्या पायरीवर आले. म्हणे, "शेषराव, मी दोघायले ठेवणार नाही, सांगून ठेवतो."

म्या म्हतलं, "माहा हिशोब करून ठेवा. यालेच ठेवा."

ज्ञानेश्वरनं पहिल्या मशीनीले पेचकस लावला. मान हलवली. दुसरी, तिसरी. चवथीपाशी झुंबरबाई त्याले पाहून हसली. पाचवीच्या तो मांगं गेला, मोटरीच्या अंगानं, जठून बायायले काई आइकू येत नाही. तठी थांबला. डोळे मिटले. मी त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यलो. मले नुसती घरघर.

त्यानं डोळे उघडले. एकडाव मालकाकडे पाह्यलं, एकडाव माह्याकडे. या खेपेले खाली नाही पाह्यलं.

"बंद करा, मिस्त्री," तो म्हणे.

म्या काई इचारलं नाही. बटन दाबलं. पट्टा हळूहळू थांबला. मंग म्या त्या बेरिंगच्या लोखंडी घरावर हात ठेवला.

जनकानं हाताले खोबरेल लावून देल्लं आहे. तीन बोटाले फोड आले, म्हून आजचं अक्षर असं.